सांडपाण्याच्या जागेवरील पुनर्वापरातील रोगजंतू-व्यवस्थापन

सांडपाण्याच्या जागेवरील पुनर्वापरातील रोगजंतू-व्यवस्थापन म्हणजे घर, इमारत, शाळा, वसतिगृह किंवा वाडीवस्ती यांच्या आवारातच गोळा केलेले वापरलेले अथवा पावसाचे पाणी पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी पुन्हा वापरताना, त्यातील रोगजंतूंपासून माणसांना असलेला धोका ओळखणे, त्याचे मोजमाप करणे आणि तो स्वीकारार्ह मर्यादेत ठेवणे होय. बागेला पाणी देणे, शौचालयात फ्लश करणे, अंगण व वाहने धुणे, कपडे धुणे आणि वातानुकूलन यंत्रणेचे शीतलीकरण ही अशा वापराची नेहमीची उदाहरणे आहेत.

या विषयाचा पाया असा आहे की, पाण्याचा धोका केवळ त्यातील जंतूंच्या संख्येवर ठरत नाही. ते पाणी कोठून आले, कोणत्या मार्गाने वाहिले आणि कोणाच्या हाताशी, तोंडाशी किंवा श्वासाशी पोचले, यांवरही तो अवलंबून असतो. त्यामुळे एकाच प्रक्रियेवर विसंबण्याऐवजी उगमापासून वापरापर्यंत एकामागून एक अडथळे उभे करण्यावर भर दिला जातो.

कोकण किनाऱ्यावरील गावांत मोरीचे व न्हाणीघराचे पाणी घरामागील आगरातील माड, पोफळी, केळी व अळवाकडे सोडण्याची रीत जुनी आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे अशा गावांपैकी एक असून या लेखात त्याचा व परिसराचा उदाहरण म्हणून विचार केला आहे.

## संज्ञा व पाण्याचे प्रकार

पुनर्वापरासाठी आवारातच उपलब्ध होणारे पाणी साधारणपणे पुढील प्रकारचे असते.

* सांडपाणी: अंघोळ, हात धुणे, कपडे व भांडी धुणे यांतून आलेले, शौचालयाचा संबंध नसलेले पाणी. बांधकाम व्यवसायात यास ‘ग्रे वॉटर’ म्हणतात. स्वयंपाकघरातील पाण्यात तेलकटपणा व खरकटे जास्त असल्याने काही देशांच्या नियमांत ते यातून वगळले जाते.
* मैलापाणी: शौचालयातून आलेले, मलमूत्रमिश्रित पाणी. यात रोगजंतूंचे प्रमाण सर्वाधिक असते.
* पागोळीचे पाणी: छपरावरून पन्हळीवाटे उतरणारे पावसाचे पाणी. यात माणसाच्या विष्ठेतील जंतू सहसा नसतात. परंतु पक्षी, उंदीर, खारी व माकडे यांच्या विष्ठेतून जिवाणू येऊ शकतात.
* जमिनीवरून वाहून आलेले पावसाचे पाणी: अंगण, रस्ता व गटार यांवरून आल्यामुळे याची प्रत ठिकाणानुसार फार बदलते.

सांडपाणी व मैलापाणी यांतील सीमा कागदावर जितकी स्पष्ट असते तितकी घरात नसते. लहान मुलाची शी मोरीत धुतली, आजारी माणसाचे कपडे तेथेच धुतले किंवा कोंबडी व मासळी साफ केली, तर त्या दिवशीचे मोरीचे पाणी जंतूंच्या दृष्टीने मैलापाण्याच्या जवळ जाते. त्यामुळे सांडपाणी म्हणजे निर्धोक पाणी, असे गृहीत धरता येत नाही.

## रोगजंतूंचे गट

जिवाणू: पटकी, विषमज्वर, हगवण यांस कारण होणारे जिवाणू तसेच साल्मोनेला व कॅम्पायलोबॅक्टर हे विष्ठेतून पसरतात. क्लोरीनने ते तुलनेने लवकर मरतात. मात्र सांडपाण्यात साबण, त्वचेचा मळ व अन्नकण असल्यामुळे काही जिवाणूंना खाद्य मिळते आणि पाणी साठवून ठेवल्यास पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यांची संख्या वाढू शकते. लिजिओनेला हा जिवाणू विष्ठेतून येत नाही. तो कोमट, साचलेल्या पाण्यात व नळांच्या आतील बुळबुळीत थरात वाढतो आणि तुषारांवाटे फुफ्फुसांत जातो.

विषाणू: रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, काविळीचे ‘अ’ व ‘ई’ प्रकारचे विषाणू या गटात मोडतात. आकाराने अतिसूक्ष्म असल्याने ते साध्या वाळूच्या गाळणीतून बऱ्याच प्रमाणात निसटतात. शिवाय यांतील काहींचे फार थोडे कणही संसर्गाला पुरेसे ठरतात.

आदिजीव: जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम व आमांशाचा अमीबा हे टणक कवचाच्या पुटीच्या रूपात पाण्यात टिकून राहतात. क्रिप्टोस्पोरिडियमवर नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनचा परिणाम होत नाही. अतिनील किरणांनी मात्र तो निष्प्रभ होतो.

कृमी: जंत व अंकुशकृमी यांची अंडी जड असल्याने तळाशी बसतात. जंताची अंडी ओलसर मातीत महिनोन्महिने, अनुकूल स्थितीत वर्षांपर्यंत, जिवंत राहू शकतात. पाण्यातून ती निवळण्याने व गाळण्याने निघतात. परंतु टाकीचा गाळ उपसून तोच खत म्हणून वापरल्यास ती परत बागेत येतात.

यांखेरीज लेप्टोस्पायरा या जिवाणूचा कोकणात स्वतंत्र विचार करावा लागतो. उंदीर, गुरे व कुत्री यांच्या मूत्रातून तो ओल्या मातीत जातो आणि त्वचेवरील जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या आतील त्वचेतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. कोकणात भातशेती व बागेत अनवाणी काम करणाऱ्यांनाही हा धोका असतो.

## संसर्गाचे मार्ग

पुनर्वापराचे पाणी कोणी हेतुपुरस्सर पीत नाही. तरीही ते शरीरात पुढील मार्गांनी जाऊ शकते.

1. हात, खेळणी, भांडी यांवाटे थोडे पाणी तोंडात जाणे. अंगणात खेळणारी लहान मुले येथे सर्वाधिक संकटात असतात.
2. तुषार सिंचन, दाबाने वाहने धुणे, फ्लश आणि शीतलीकरण मनोरे यांतून उडणारे बारीक थेंब श्वासात जाणे.
3. या पाण्यावर वाढलेल्या भाज्या कच्च्या खाणे.
4. अनवाणी पायांनी ओल्या मातीत काम करणे.
5. शोषखड्ड्यातील पाणी पाझरून पिण्याच्या विहिरीत उतरणे.
6. नळजोडणीतील चुकीमुळे पुनर्वापराचे पाणी पिण्याच्या नळात शिरणे.

पहिल्या चार मार्गांत एका वेळी शरीरात जाणारे पाणी अल्प असते. शेवटच्या दोन मार्गांत ते थेट पिण्यात येते, म्हणून त्यांचे परिणाम गंभीर होतात व एकाच वेळी अनेक कुटुंबांना बाधा पोचते.

## धोक्याचे मोजमाप

### लॉग घट

जंतूंच्या संख्येतील घट ‘लॉग’ या एककात सांगतात. एक लॉग घट म्हणजे दहापैकी नऊ जंतू नाहीसे होणे (९० टक्के), दोन लॉग म्हणजे ९९ टक्के आणि तीन लॉग म्हणजे ९९.९ टक्के. एखाद्या पाण्यात एक कोटी जंतू असतील, तर चार लॉग घट झाल्यावर एक हजार उरतात. ९९.९९ टक्के ही संख्या ऐकावयास मोठी वाटली, तरी उगमाच्या पाण्यात जंतू मुळातच भरपूर असल्यास ती अपुरी पडू शकते. एकापुढे एक असलेल्या अडथळ्यांच्या लॉग घटींची बेरीज करता येते, ही या पद्धतीची सोय आहे.

### स्वीकारार्ह मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांडपाणी, मलमूत्र व ग्रे वॉटर यांच्या सुरक्षित वापरासंबंधी चार खंडांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत प्रतिमाणशी वर्षाला निरोगी आयुष्याच्या एका वर्षाचा दहा लाखावा भाग एवढी हानी ही मर्यादा मानली आहे. काळाच्या हिशेबाने ती माणशी वर्षाला सुमारे अर्धा मिनिट भरते.

अमेरिकेत तज्ज्ञ मंडळाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात इमारतीच्या आवारातील पुनर्वापरासाठी आवश्यक लॉग घटीची उद्दिष्टे दिली आहेत. दरवर्षी दहा हजार माणसांमागे एकापेक्षा जास्त संसर्ग होऊ नये, या मर्यादेला धरून काढलेली काही उद्दिष्टे अशी आहेत:

| पाण्याचा उगम | वापर | विषाणू | आदिजीव | जिवाणू |
|---|---|---|---|---|
| मैलापाण्यासह सर्व घरगुती पाणी | घरातील | ८.५ | ७.० | ६.० |
| मैलापाण्यासह सर्व घरगुती पाणी | बागेसाठी, निर्बंधाविना | ८.० | ७.० | ६.० |
| शौचालयाविना सांडपाणी | घरातील | ६.० | ४.५ | ३.५ |
| शौचालयाविना सांडपाणी | बागेसाठी, निर्बंधाविना | ५.५ | ४.५ | ३.५ |
| पागोळीचे पाणी | घरातील | — | — | ३.५ |

या तक्त्यावरून दोन गोष्टी दिसतात. मैलापाणी वेगळे ठेवल्याने विषाणूंच्या बाबतीत अडीच लॉगचे, म्हणजे सुमारे तीनशे पटींचे, काम यंत्राविना वाचते. दुसरे असे की, पागोळीच्या पाण्यासाठी विषाणूंचे उद्दिष्टच दिलेले नाही, कारण त्यात माणसाची विष्ठा नसते. हे आकडे अमेरिकेतील रोगप्रसार लक्षात घेऊन काढलेले आहेत. ज्या प्रदेशात अतिसार, कावीळ व विषमज्वर यांचे प्रमाण अधिक आहे, तेथील सांडपाण्यात जंतूही अधिक असतात. म्हणून हे आकडे तेथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

## अडथळ्यांची साखळी

### उगमापाशी

मैलापाणी वेगळ्या नळाने नेणे, लहान मुलांची शी शौचालयातच टाकणे व धुणे, घरात अतिसार किंवा कावीळ असताना मोरीचे पाणी पुनर्वापराऐवजी शोषखड्ड्यात सोडणे हे सर्वांत कमी खर्चाचे अडथळे आहेत. त्यासाठी मोरीच्या नळाला दोन दिशा देणारा व्हॉल्व्ह बसवतात. खरकटे अडवणारी जाळी व तेल पकडणारी छोटी टाकी यांमुळे पुढील गाळण्या तुंबत नाहीत आणि उंदीरही कमी येतात.

### प्रक्रिया

घरगुती पातळीवर निवळण टाकी, वाळू-खडीची गाळणी आणि कर्दळ, केळी यांसारख्या वनस्पती लावलेली गाळण वाफ यांचा वापर होतो. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेली ‘फायटोरिड’ ही पद्धत याच तत्त्वावर, म्हणजे खडीच्या थरातील पाणवनस्पती व त्यांच्या मुळांजवळील सूक्ष्मजीव यांच्या साहाय्याने, काम करते. मोठ्या इमारतींत हवा खेळवून जैविक प्रक्रिया करणारी संयंत्रे किंवा सूक्ष्मपटल गाळणी असते. या टप्प्यात पाण्याचा वास व गढूळपणा कमी होतो, कृमींची अंडी निघतात आणि काही जिवाणूही घटतात. मात्र डोळ्यांना निवळ दिसणारे पाणी जंतुरहित असतेच असे नाही.

### निर्जंतुकीकरण

क्लोरीन स्वस्त असून महाराष्ट्राच्या गावांत ‘टीसीएल पावडर’ या नावाने परिचित आहे. पाणी गढूळ असेल किंवा त्यात साबण व अमोनिया असेल, तर टाकलेला क्लोरीन त्यांवरच खर्च होतो. म्हणून आधी गाळणे व मग क्लोरीन हा क्रम पाळावा लागतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावा असे सांगते. सांडपाण्यात तेवढा क्लोरीन शिल्लक राहण्यासाठी सुरुवातीची मात्रा पुष्कळ अधिक लागते. पावडरीचे पोते उघडे किंवा दमट जागी राहिल्यास क्लोरीन उडून जातो. कोकणातील पावसाळ्यात हे सहज घडते.

अतिनील किरणांचा दिवा आदिजीवांवर प्रभावी ठरतो, परंतु अॅडेनोव्हायरससारखे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. गढूळ पाण्यात किरण आत पोचत नाहीत आणि दिव्याच्या काचेवर थर चढल्यास परिणाम कमी होतो. क्लोरीन व अतिनील किरण यांच्या उणिवा वेगवेगळ्या असल्याने मोठ्या संयंत्रांत दोन्ही वापरतात. अतिनील किरणांचा परिणाम पुढील नळात टिकत नाही. तेथे जंतूंची पुन्हा वाढ रोखण्यास उर्वरित क्लोरीनच उपयोगी पडतो.

### साठवण व वितरण

प्रक्रिया न केलेले सांडपाणी २४ तासांपेक्षा जास्त साठवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यापुढे ते कुजू लागते, वास येतो व डासांची पैदास होते. हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतात. टाकी झाकलेली असणे व हवेच्या नळीला जाळी असणे आवश्यक मानले जाते.

पिण्याचे पाणी व पुनर्वापराचे पाणी यांची जाळी एकमेकांस जोडली जाणे, म्हणजेच आडजोडणी, हा संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मोठा धोका आहे. तो टाळण्यासाठी दोन्ही नळांचे रंग वेगळे ठेवतात व ‘पिण्यासाठी नाही’ अशी सूचना लिहितात. पुनर्वापराच्या टाकीत चांगले पाणी भरण्याची गरज पडल्यास नळाचे तोंड टाकीतील पाण्याच्या सर्वोच्च पातळीपेक्षा वर, मोकळ्या हवेत ठेवतात. या हवेच्या फटीमुळे पाणी उलटे खेचले जाऊ शकत नाही. केवळ व्हॉल्व्ह बंद ठेवणे पुरेसे समजले जात नाही, कारण पुढे तो कोणीही अजाणता उघडू शकतो.

### वापराच्या ठिकाणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तत्त्वांत शेतातील व स्वयंपाकघरातील सवयींनाही लॉग घटीचे मूल्य दिले आहे. ठिबक सिंचनाने उंच वाढणाऱ्या पिकांना पाणी दिल्यास चार लॉग, जमिनीलगतच्या पिकांना दिल्यास दोन लॉग. शेवटचे पाणी व काढणी यांत अंतर ठेवल्यास दिवसाला अर्धा ते दोन लॉग. भाजी स्वच्छ पाण्याने धुतल्यास एक लॉग, साल काढल्यास दोन लॉग आणि शिजवल्यास सहा ते सात लॉग घट धरली जाते. त्यामुळे एकच सांडपाणी माडाच्या आळ्यात सोडणे आणि कोथिंबिरीच्या वाफ्यावर शिंपडणे यांतील धोका अत्यंत भिन्न ठरतो.

## देखरेख

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून विष्ठाजन्य जिवाणू (ई. कोलाय) मोजणे ही परिचित पद्धत आहे. तिचा निकाल येईपर्यंत पाणी वापरूनही झालेले असते, ही तिची पहिली मर्यादा. दुसरी मर्यादा दिल्लीतील एका घटनेने दाखवून दिली. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात यमुनेतील पाणी उपसण्याच्या जागी मैलापाणी शिरल्यानंतर तेथे काविळीची प्रचंड साथ आली. पाण्याला क्लोरीन दिलेले असल्याने विषमज्वर किंवा हगवण त्या प्रमाणात वाढली नाही, परंतु विषाणूजन्य काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण आढळले. हा विषाणू ‘ई’ प्रकारचा असल्याचे नंतर स्पष्ट झाले. जिवाणू नाहीत म्हणून विषाणूही नाहीत, असा निष्कर्ष काढता येत नाही, हा या घटनेचा धडा मानला जातो.

यामुळे आधुनिक पद्धतीत अडथळेच नीट चालू आहेत का, यावर रोजची नजर ठेवली जाते. पाण्याचा गढूळपणा, उर्वरित क्लोरीन, अतिनील दिव्याची तीव्रता व गाळणीवरील दाब यांची नोंद ठेवतात. यांपैकी काही बिघडल्यास पाणी आपोआप गटारात वळवण्याची व्यवस्था मोठ्या संयंत्रांत असते. आडजोडणी तपासण्यासाठी एक जाळे बंद करून दुसऱ्यातून पाणी येते का ते पाहतात, किंवा पुनर्वापराच्या पाण्यात निरुपद्रवी रंग टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत ‘स्वच्छता सुरक्षा नियोजन’ या नावाने २०१५ साली पुस्तिकारूपात मांडली. तिची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत पिण्याच्या पाण्यासाठी हीच दृष्टी काही अंशी रूढ आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, स्रोतांच्या परिसराची पाहणी करून धोक्यानुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. गावातील जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकणे व ‘ओटी टेस्ट’ने उर्वरित क्लोरीन तपासणे ही कामे पाहतो.

## नियम व उपक्रम

केंद्र शासनाच्या नगरविकास मंत्रालयाच्या अभियांत्रिकी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेत पुनर्वापराच्या उद्देशानुसार वेगवेगळी मानके सुचवली आहेत. फ्लश आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठीच्या पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू आढळू नयेत, तर अखाद्य पिकांसाठी १०० मिलिलिटरमागे २३० पर्यंत चालतील, असा भेद तीत केला आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ठरावीक आकारापेक्षा मोठ्या बांधकामांसाठी सांडपाण्याच्या पुनर्वापराची तरतूद आहे.

ग्रामीण भागात १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट आहे. त्यातील सुमारे दोनतृतीयांश सांडपाणी होते, असे धरले जाते. त्याच्या व्यवस्थापनाचा समावेश स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात केला गेला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) हे गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळे गटारमुक्त व डासमुक्त गाव म्हणून नावारूपास आले. नीरी व युनिसेफ यांनी मध्य प्रदेशातील धार व झाबुआ जिल्ह्यांतील आश्रमशाळांत अंघोळीच्या पाण्यावर प्रक्रिया करून ते शौचालयांसाठी व बागेसाठी वापरण्याचे काम केले. त्याची मार्गदर्शिका २००७ साली प्रसिद्ध झाली.

परदेशात सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१२ पासून इमारतीतील पुनर्वापरासाठी परवाना व देखरेख यांची रीतसर व्यवस्था उभी केली आणि २०१५ पासून मोठ्या नव्या इमारतींना पुनर्वापर अनिवार्य केला. याउलट नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहराच्या लेड्श रेन या वसाहतीत २००१ च्या अखेरीस अर्धवट शुद्ध केलेल्या पाण्याचे जाळे पिण्याच्या जाळ्याला जोडलेले राहिले. त्यातून रहिवाशांत पोटाच्या विकारांची साथ पसरली. त्यानंतर २००३ मध्ये त्या देशाने असे मोठ्या प्रमाणावरील दुहेरी पुरवठे थांबवले.

## कोकण किनारा: केळशीचे उदाहरण

केळशी हे गाव भारजा नदीच्या मुखाशी, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर वसलेले आहे. दापोली परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी खोल जातात. पाच माणसांच्या घरात जल जीवन मिशनच्या हिशेबाने दिवसाला सुमारे १८० लिटर सांडपाणी निघते. ठिबक पद्धतीने दिल्यास तेवढ्यात चार-पाच माडांची उन्हाळ्यातील गरज भागू शकते. आगर टिकवण्यासाठी हे पाणी मोलाचे ठरते.

पारंपरिक रीतीत काही अडथळे आपसूक असतात. माडाचे फळ जमिनीपासून उंच असते व त्याला जाड सोडण असते. अळू शिजवल्याशिवाय खात नाहीत. पाणी पाटाने आळ्यात जाते, हवेत उडत नाही. परंतु परिस्थिती बदलली की हे अडथळे दुबळे होतात. खाली पडलेली पोफळीची फळे ओल्या मातीतून हातांनी वेचली जातात. आगरात माडाखालीच मिरची-कोथिंबिरीचे वाफे असतील, तर तेच पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांपर्यंत पोचते. मोरीतील खरकट्यावर व पडलेल्या नारळांवर उंदीर येतात आणि कायम ओल्या राहणाऱ्या आळ्यांत लेप्टोचा धोका वाढतो. आगरात काम करताना गमबूट घालणे व पायाच्या जखमा झाकणे हा त्यावरील सोपा अडथळा आहे.

किनाऱ्यावरील भूस्तर हा दुसरा मुद्दा आहे. बारीक, कोरड्या मातीतून पाणी सावकाश झिरपताना जंतू अडतात व मरतात. किनाऱ्यालगतच्या पुळणीत भूजल उथळ असते, तर जांभ्या दगडातील भेगा व पोकळ्यांतून पाणी न गाळता दूरवर जाऊ शकते. पावसाळ्यात भूजल वर आल्यावर शोषखड्डा व विहीर यांमधील कोरडा थरच उरत नाही. सेप्टिक टँकच्या पाझर व्यवस्थेपासून पिण्याच्या पाण्याचा स्रोत किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. लांबट, अरुंद आगरांत शेजाऱ्याची विहीर त्याहून जवळ असू शकते. म्हणून खड्ड्याची जागा ठरवताना स्वतःच्या विहिरीइतकाच शेजारच्या विहिरीचाही विचार करावा लागतो.

तिसरा मुद्दा माणसांच्या संख्येचा. गणेशोत्सव, मे महिन्याची सुट्टी आणि चैत्रात होणारा केळशीचा महालक्ष्मीचा उत्सव या काळात मुंबई-पुण्याहून चाकरमानी व पाहुणे येतात आणि घरातील माणसे एकदम वाढतात. पाच माणसांसाठी बांधलेल्या गाळणीतून पंधरा माणसांचे पाणी गेले, तर ते तेथे पुरेसा वेळ थांबत नाही आणि जंतूंची घट कमी होते. पर्यटकांसाठी खोल्या देणाऱ्या घरांना हे वारंवार लागू पडते. अशा दिवसांत जादा पाणी शोषखड्ड्याकडे वळवणे सुरक्षित समजले जाते.

विजेवर अवलंबून असलेल्या यंत्रणांची मर्यादा ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिसली. दापोली व मंडणगड तालुक्यांच्या किनारी गावांतील माड-पोफळीची आगरे उद्ध्वस्त झाली आणि वीजपुरवठा अनेक ठिकाणी कित्येक आठवडे बंद होता. अतिनील दिवा किंवा हवा खेळवणारा पंप बंद पडल्यास पाणी वापरायचे की सोडून द्यायचे, हे आधीच ठरवलेले असणे हा धोका-व्यवस्थापनाचा भाग आहे. उतारावर चालणारी निवळण टाकी, वनस्पतींची गाळण वाफ आणि झाकलेल्या आळ्यांत जमिनीखालून पाणी देणे यांना वीज लागत नाही. त्यामुळे माडांना पाणी देण्यापुरता पुनर्वापर गावपातळीवर तुलनेने भरवशाचा ठरतो. घरातील फ्लशसाठी सांडपाणी वापरायचे असल्यास निर्जंतुकीकरण व नियमित देखभाल अपरिहार्य असते.

## मर्यादा व मतभेद

लॉग घटीची उद्दिष्टे गणिती प्रतिमानांवर आधारित असून त्यांत माणूस किती पाणी गिळतो, पाण्यात किती विषाणू असतात अशी गृहीतके असतात. काही अभ्यासकांच्या मते ही उद्दिष्टे इतकी कडक आहेत की, लहान घरांना ती परवडणार नाहीत आणि लोक परवान्याविना, कोणत्याही अडथळ्याशिवाय पाणी वापरू लागतील. दुसरा पक्ष असे मांडतो की, घरगुती बागेतील चूक एका कुटुंबापुरती राहते, तर शंभर सदनिकांच्या इमारतीतील चूक शेकडो लोकांपर्यंत पोचते. म्हणून कडकपणा इमारतीच्या आकारानुसार वाढावा. एका कुटुंबातील जंतू बहुधा त्या कुटुंबात इतर मार्गांनीही पसरलेले असतात, हा युक्तिवादही यामागे असतो. मात्र पाहुणे, भाडेकरू, बागेत काम करणारे गडी आणि शेजारची विहीर यांचा विचार केला की घराची ही सीमा पुसट होते.

देखभालीची जबाबदारी कोणाची, हा व्यवहारातील कळीचा प्रश्न आहे. गाळणी धुणे, गाळ उपसणे व पावडर टाकणे ही कामे घरात बहुतेकदा स्त्रियांकडे आणि इमारतीत कंत्राटी कामगारांकडे येतात. जंतूंचा सर्वाधिक संपर्कही त्यांनाच होतो. हातमोजे, गमबूट, हात धुण्याची सोय आणि कामाचे प्रशिक्षण यांचा समावेश त्यामुळे धोका-व्यवस्थापनाच्या आराखड्यातच केला जातो.

## हे सुद्धा पहा

* शोषखड्डा
* सेप्टिक टँक
* पर्जन्यजल संधारण
* ठिबक सिंचन
* लेप्टोस्पायरोसिस
* जल जीवन मिशन
* केळशी